रस्टमध्ये पाथ नेमका कुठून मोजला जातो?

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘फाइल सापडत नाही’ अशी एरर येतेय आणि तुमची फाइल तर जागेवरच आहे? मग चुकतंय ते पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, मोजायला सुरुवात कुठून होते तिथे. कार्गो हे रस्टचं बिल्ड टूल; त्याच्या कार्गो डॉट टॉमल या सेटिंग फाइलमधल्या डिपेंडन्सीचा, म्हणजे लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजचा, पाथ त्याच टॉमल फाइलच्या फोल्डरपासून धरतात. टर्मिनल कुठे उघडलंय याचा त्याच्याशी संबंध नाही. फाइलमधला मजकूर कंपाइल होतानाच प्रोग्रॅममध्ये घालणारा इन्क्लूड-स्ट्र मॅक्रो मात्र ज्या सोर्स फाइलमध्ये लिहिलाय तिथून मोजतो. म्हणून एसआरसीमधल्या मेन फाइलीतून शेजारच्या डेटा फोल्डरकडे जायचं तर आधी दोन टिंबं आणि स्लॅश हवेत.

खरी गोची प्रोग्रॅम चालताना होते. कार्गो टेस्ट पॅकेजच्या मूळ फोल्डरमधून चालतं, कार्गो रन तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथून. त्यामुळे वर्कस्पेसच्या, म्हणजे अनेक पॅकेजेसच्या एकत्र प्रोजेक्टच्या, मुळातून कमांड दिली की टेस्ट पास होतात आणि रन म्हणतं, फाइलच नाही! टेस्टसाठी पाथ कार्गो-मॅनिफेस्ट-डिर या, पॅकेजच्या फोल्डरचा पाथ देणाऱ्या व्हेरिएबलला जोडून बनवा. पण एन्व्ह मॅक्रोने घेतलेला तो पाथ कंपाइल होतानाच बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये, पक्का होतो, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तुमचा फोल्डर नसतो. बायनरी वाटायची असेल तर फाइल इन्क्लूड करून टाका, नाहीतर पाथ आर्ग्युमेंटमधून घ्या.

बिल्ड डॉट आरएस या बिल्डआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये रीरन-इफ-चेंज्डला (ही फाइल बदलली तरच स्क्रिप्ट पुन्हा चालव, असं सांगणारी ओळ) अस्तित्वात नसलेला पाथ दिलात तर एरर येत नाही, स्क्रिप्ट दर बिल्डला पुन्हा चालते इतकंच. बिल्ड उगाच रेंगाळत असेल तर आधी ती ओळ तपासा.