वाचक विचारतात : स्लोव्हेनियाच्या द्राक्षपट्ट्यात शनिवार-रविवार

प्रश्न : सप्टेंबरअखेर आम्ही चार मित्र व्हेनिसला असू. तिथून गाडी घेऊन दोन दिवस स्लोव्हेनियातल्या वाईनच्या गावांत जायचा बेत आहे. यादीत ब्रदा, विपावा, क्रास आणि मारिबोर आहेत. उरकेल का? (राजारामपुरी)

उत्तर : उरकेल, पण सगळं गाडीच्या काचेतून. आधी मारिबोर खोडा. चारशे वर्षांहून जुना आणि अजूनही घड देणारा तिथला वेल बघण्यासारखा आहे हे खरं, पण तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाकीचे तिन्ही भाग इटलीच्या सीमेजवळ, प्रिमोर्स्का विभागात आहेत. त्यातलेही दोनच घ्या : शनिवारी गोरिश्का ब्रदा, रविवारी विपावाचं खोरं.

व्हेनिस विमानतळापासून सीमेवरचं गोरित्सिया साधारण दीड तासावर आहे. आठला निघालात तर साडेअकराची पहिली भेट आरामात जमते. दिवसाला दोनच वाइनरी धरा. एका ठिकाणी पाच-सहा वाईन चाखायला देतात, प्रत्येकी ३० ते ५० मिली. सोबत पाव आणि चीज. त्यात दीड-दोन तास जातातच. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळेनासं होतं आणि यजमानाच्या ते लगेच लक्षात येतं. माणशी २० ते ४० युरो धरून चला. दोन भेटींच्या मध्ये श्मार्त्नो हे तटबंदीचं गाव पायी फिरा. गोन्याचे या गावाचा २३ मीटर उंच मनोरा मात्र पहिल्या पेल्याआधीच चढा; १४४ पायऱ्या आहेत. वरून इटलीची बाजूही दिसते. डोंगर तेच, मळेही तसेच, फक्त पलीकडे त्यांना कोल्लिओ म्हणतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. नाशिकला कशी टेस्टिंग रूम, रेस्टॉरंट, तिकीट खिडकी असते, तसं इथे क्वचितच. बहुतेक ठिकाणी वर घर, खाली तळघर आणि वाईन ओतणारा माणूस स्वतः मालक. न कळवता गेलात तर दार उघडायला कुणी नसेल. सप्टेंबरअखेर द्राक्षतोडणीची गडबड असते, अख्खं घर मळ्यात नाहीतर द्राक्षं दाबायच्या यंत्राजवळ. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा, किती जण येणार आणि किती वाजता ते लिहा. निवांत गप्पा हव्या असतील तर मे महिना बरा; तेव्हा ब्रदातल्या चेरीही पिकायला लागतात.

प्रश्न : गाडी चालवायला आपलं लायसन्स चालतं का? टोल कसा भरायचा? (जयसिंगपूर)

उत्तर : मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. तो आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्ष. नुसता परवाना नेऊन मूळ कार्ड घरी ठेवणारे बरेच असतात. दोन्ही एकत्र असले तरच उपयोग.

स्लोव्हेनियात टोल नाके नाहीत. महामार्गांसाठी ई-विन्येता, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोल पास, घ्यावी लागते. गाडीचा नंबर टाकून ती ऑनलाइन निघते, काचेला चिकटवायचं काही नाही. मोटारीसाठी सात दिवसांची साधारण १६ युरोला. ती नसताना सापडलात तर दंड किमान ३०० युरो. इटलीत भाड्याने घेतलेल्या गाडीवर ती नसते, आपणच काढायची. नंबर टाकताना गाडीच्या नोंदणीचा देश इटली निवडायला विसरू नका. तिथे चूक झाली की पैसे भरूनही दंड बसतो. आणि दार्स या सरकारी कंपनीच्या साइटवरच घ्या. सर्चमध्ये वर दिसणारे दलाल जास्त पैसे लावतात.

शनिवारी मात्र विन्येताशिवाय भागतं. इटलीतल्या विलेस्सेहून ए-३४ रस्त्याने या, सीमेआधीच गोरित्सियात उतरा आणि शहरातून पलीकडच्या, स्लोव्हेनियातल्या नोव्हा गोरित्साकडे जा. रविवारी विपावातून जाणारा एच-४ हा द्रुतगती रस्ता धरायचा असेल तर ती लागतेच. गाडी देणाऱ्या कंपनीला सीमा ओलांडणार हे आधी सांगा, कागदावर लिहून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा. दोन्ही देश शेंगेन या सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय गटात असले तरी ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे.

रक्तातल्या दारूची मर्यादा दर किलो रक्तामागे ०.५ ग्रॅम, नवशिक्या चालकाला शून्य. सहा वाईनचे ५० मिलीचे घोट म्हणजे ३०० मिली, जवळजवळ अर्धी बाटली. तेव्हा त्या दिवशी चालवणाऱ्याने थुंकायचं. टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसलं तर मागून घ्या. कुणी वाईट मानत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दुसरी वाइनरी अशी निवडायची की मुक्कामही तिथेच. अशा शेतघरांना तुरिस्तिच्ना क्मेतिया म्हणतात. बसच्या भरवशावर मात्र राहू नका, शनिवार-रविवारी त्या नावालाच.

प्रश्न : व्हिसा इटलीचा की स्लोव्हेनियाचा? (गडहिंग्लज)

उत्तर : जिथे जास्त रात्री, त्या देशाचा. रात्री सारख्या असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरता त्याचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. प्रौढांची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा.

प्रश्न : मित्राने आणलेली रेबुला केशरी, गढूळ आणि तुरट निघाली. बिघडली होती का? (ताराबाई पार्क)

उत्तर : एवढ्यावरून नाही. रेबुला हे ब्रदाचं मुख्य पांढरं द्राक्ष. नेहमीच्या पांढऱ्या वाईनला द्राक्षं लगेच दाबून रस वेगळा काढतात, सालं बाजूला टाकतात. तुमच्या बाटलीत रस सालांसकट आंबवला असणार, काही दिवस किंवा काही महिने. रंग आणि तुरटपणा सालातून उतरतो. रेबुलाची साल जाड, म्हणून ती या पद्धतीला मानवते. न गाळता भरली की गढूळपणा राहतो. सालासकट आंबवण्याची रीत या भागात जुनीच; मध्ये मागे पडली होती, १९९० च्या दशकात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या काही उत्पादकांनी ती पुन्हा उचलली.

बहुधा ती फ्रीजमधून काढून तशीच ओतली गेली. थंडीने तुरटपणा टोचायला लागतो. १२ ते १४ अंशांवर, मोठ्या पेल्यात, थोडी हवा लागू देऊन प्या. साधी ताजी रेबुला ८ ते १० अंशांवर.

खरंच बिघडलेली ओळखायची तर नाकावर विश्वास ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा भपका आला तर अ‍ॅसेटिक जिवाणूंनी काम केलेलं असतं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष. हे दोन्ही सुधारत नाहीत. कुजक्या अंड्याचा वास मात्र पेला दहा मिनिटं फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो. सगळ्यात फसवा दोष उंदीर लागलेल्या कोठीसारखा. हुंगताना काही कळत नाही, गिळल्यावर काही सेकंदांनी घशाशी येतो, कारण वाईनच्या आंबटपणात तो दबलेला असतो आणि लाळेने आंबटपणा उतरला की सुटतो. गंधक फार कमी किंवा अजिबात न घातलेल्या वाईनमध्ये तो अधिक सापडतो.

प्रश्न : कोल्हापुरात राहतो, द्राक्षबाग तासगावला आहे. तिथल्या मळ्यांत शेतकऱ्याच्या नजरेने काय बघावं? (शाहूपुरी)

उत्तर : आधी पायाखाली बघा. ब्रदाची माती म्हणजे ओपोका, चुनखडीयुक्त चिखलखडक आणि वाळूखडकाचे थर. ढेकूळ हातात घेतलं तर पापुद्रे सुटतात. हवापाणी लागलं की खडकाचा आपोआप भुगा होतो. उतार असे की पायऱ्या काढल्याशिवाय लागवड नाही, म्हणून बरीच तोडणी हातानेच.

मांडव दिसणार नाही. उभ्या तारांवर फुटी सरळ वर बांधलेल्या असतात. छाटणी एकच, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या. तिथे ते काम थंडीच करते. एका खोडावर एक किंवा दोन लांब काड्या ठेवून तारेवर आडव्या वाकवतात. मणी फुगवायला घड जीएत (जिबरेलिक आम्लात) बुडवणं नाही, कारण वाईनला मणी लहानच हवा. रसाच्या मानाने साल जास्त तेवढा रंग आणि स्वाद जास्त. डाऊनी आणि भुरी हे वेलीचे रोग त्यांनाही चुकलेले नाहीत. गारपिटीची धास्तीही तशीच.

विपावात गेलात तर झेलेन आणि पिनेला या स्थानिक जाती मागा. तिथे बुर्या नावाचं वारं सुटतं, तेही असं की जुन्या घरांच्या कौलांवर दगड ठेवलेले दिसतील.

प्रश्न : आमच्यात दोघे शाकाहारी आहेत. बाटल्या किती आणता येतील? (रंकाळा)

उत्तर : 'ब्रेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा, आणि बुकिंगच्या ईमेलमध्येही लिहा. न्योकी (बटाट्याचे उकडलेले गोळे), पोलेन्ता (शिजवलेलं मक्याचं पीठ), श्त्रुक्लयी (सारण भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्या) मिळतात, पण वर काय ओतलंय ते विचारा. योता हे घेवडा आणि आंबवलेल्या कोबीचं सूप शाकाहारी वाटतं, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. अंडं चालत असेल तर फ्रताल्या घ्या, सुवासिक हिरवा पाला घातलेलं जाड ऑम्लेट. रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात. पाणी, फळं, बिस्किटं शनिवारीच घ्या.

भारतात प्रौढ माणसाला दोन लिटर करमुक्त. ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरीने सव्वादोन लिटर होतात आणि ड्यूटी लागते. चौघांच्या आठ. प्रत्येक बाटली कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. मुंबईहून कोल्हापूरला गाडीने येणार असाल तर बॅग डिकीत न ठेवता एसीत, सीटखाली ठेवा. तापलेल्या डिकीत वाईन फुगून बूच वर सरकतं. घरी आल्यावर बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं दिसलं तर ती आधी उघडा, पांढऱ्या रश्श्याबरोबर. तांबड्याच्या तिखटापुढे तिचं काही चालणार नाही.