रात्री नऊची कॉफी

प्रिय ताई,

मी 41 वर्षांची आहे, नोकरी करते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे वर्षभर, आई माझ्याकडे आहे. रात्री तिला एकटीला उठता येत नाही. दिवसभरात माझे तीन चहा आणि तीन कॉफी होतात. शेवटची कॉफी रात्री नऊला, कारण आई आडवी झाली की मी ऑफिसचं राहिलेलं काम काढून बसते आणि अकराला तिचं औषध असतं. बाराला पाठ टेकते, पण दीड-दोनपर्यंत टक्क जागी. छातीत धडधडतं. साडेपाचला गजर. पूर्वी एवढीच कॉफी पिऊनही मी गाढ झोपायचे. हे सगळं गेल्या सात-आठ महिन्यांतलं आहे. (पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात, त्या सोडल्या तर मला कसलंही औषध नाही.)

परगावी राहणाऱ्या माझ्या भावाने चहा-कॉफी सोडली आहे आणि मीही सोडावी म्हणून तो फोनवर मागे लागतो. मागच्या महिन्यात मी मनावर घेतलं. शुक्रवारी रात्री शेवटची कॉफी प्यायले. रविवारी सकाळी डोकं असं ठणकलं की उभं राहवेना. आईवर ओरडले, ती रडली, मग मीही रडले. डोकेदुखीची गोळी घेतली तेव्हा कुठे उतरलं. सोमवारी सकाळी कॉफी घेतली आणि माणसात आले. भाऊ म्हणतो, हे व्यसन आहे, तुझ्यात निग्रहच नाही. नवरा म्हणतो, 'पी गं, पण चिडू नकोस.' सकाळचा पहिला चहा सगळे उठायच्या आधी मी एकटी पिते. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं माझी असतात, तीही जातील म्हणून जिवावर येतं. सोडू का?

— नि.

प्रिय नि.,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. सगळं सोडू नका. रात्री नऊची कॉफी सोडा, दुपारनंतरचं बाकीचंही हळूहळू बंद करा आणि सकाळच्या पहिल्या चहाला हात लावू नका. असा एक महिना काढा आणि मग पूर्ण सोडायचं की नाही ते ठरवा. मात्र या सगळ्याच्या आधी एक काम आहे. ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्यांना भेटा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंत. चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं कॅफिन यकृतात मोडलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी 5 तास लागतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन मोडणारं एन्झाइम मंदावतं आणि हाच वेळ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन एरवी रात्री दोनपर्यंत गेलं असतं, ते आता सकाळी सातलाही अंगात असू शकतं. साडेपाचचा गजर होतो तेव्हा कालची कॉफी अजून संपलेली नसते आणि तुम्ही त्यावर आजचा चहा घेता. कॉफी तीच, माणूस तोच, आणि तरीही 'पूर्वी बाधत नव्हती, आता बाधते' असं का झालं, याचं उत्तर बहुधा यात आहे. (सिगारेटचं याच्या बरोब्बर उलट आहे. ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झपाट्याने जातं, त्यामुळे सिगारेट सोडली की रोजचीच कॉफी अचानक जड जाऊ लागते.)

गोळ्या कधी सुरू झाल्या आणि झोप कधी उडाली, या दोन तारखा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळ्या मनाने बंद करू नका. त्या कशासाठी दिल्यात हे त्यांना माहीत आहे, बदलायच्या की तशाच ठेवून कॉफी कमी करायची हे त्यांनाच ठरवू द्या. धडधडीबद्दलही स्पष्ट सांगा. ती कॅफिनची असेल असं मला वाटतं, पण मला वाटून भागणार नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, एक ईसीजीही काढून घ्या. धडधडीबरोबर चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर भेटीच्या तारखेची वाट न बघता तडक जा.

तुम्ही फार पिता का? हिशोब करू. कपभर चहात साधारण 40 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आणि कपभर कॉफीत 90, तर तुमचं दिवसाचं 390 होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 पर्यंत चालतं असं म्हटलं आहे. म्हणजे कागदावर तुम्ही मर्यादेत आहात. पण हा आकडा सर्वसाधारण माणसासाठी आहे, गोळ्यांमुळे कॅफिन दुप्पट वेळ अंगात राहणाऱ्या बाईला तो तसाच लावून कसं चालेल? शिवाय मर्यादेत राहून झोप शाबूत राहतेच असंही नाही. 2013 सालच्या एका प्रयोगात झोपायच्या 6 तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. तुम्ही तर झोपायच्या तीनच तास आधी कप उचलता.

आता तो रविवार. त्याचं ओझं तुम्ही अजून वागवताय हे पत्रात दिसतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते साठेल तशी झोप येते. अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन बसायचं ती जागा कॅफिन अडवतं. थकवा असतोच, फक्त कळत नाही. रोज कॅफिन मिळत राहिलं की मेंदू अशा जागा वाढवतो. मग एक दिवस कॅफिन बंद केलं की वाढलेल्या सगळ्या जागा अ‍ॅडेनोसिनला मोकळ्या मिळतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. सुस्ती, मळमळ, चिडचिड हे सगळं त्याच्याबरोबर येतं. त्रास शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांनी सुरू होतो, 20 ते 51 तासांच्या दरम्यान कळसाला पोचतो आणि 2 ते 9 दिवसांत ओसरतो. शुक्रवारी रात्री नऊपासून मोजा. रविवारी सकाळी नऊला 36 तास झाले होते. आईवर ओरडलात ती वेळ त्रासाच्या ऐन भरातली होती. आईला हे असंच समजावून सांगा. ओरडण्याचं समर्थन म्हणून सांगू नका, पण 'लेकीला माझं ओझं झालंय' असा अर्थ तिने काढला असेल तर तो तिच्या मनातून जायला हवा. मला वाटतं, ती रडली ती त्यामुळेच.

आणि सोमवारी सकाळी तुम्ही कॉफी घेतलीत तेव्हा 58 तास होत आले होते. सगळ्यात वाईट भाग तुम्ही ओलांडला होता. निग्रह नसलेल्या बाईला हे जमत नाही.

ती डोकेदुखीची गोळी पुन्हा घ्याल तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर कॅफिनही घातलेलं असतं. तुमची गोळी त्यातली निघाली तर तुम्ही रविवारी कॉफी सोडलेली होती, कॅफिन सोडलेलं नव्हतं. अशा गोळ्या वरचेवर घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं, तेव्हा जपून.

हे व्यसन आहे का? शरीराला सवय झाली आहे, हे खरं. मानसोपचारतज्ज्ञ जी नियमावली वापरतात तिच्या 2013 च्या आवृत्तीत कॅफिन सोडल्यावर होणारा त्रास नोंदवलेला आहे. म्हणजे तुमची डोकेदुखी मनाचे खेळ नव्हते. पण 'कॅफिनचं व्यसन' हे निदान त्याच नियमावलीत अधिक अभ्यासासाठी बाजूला ठेवलं आहे, पक्क्या आजारांच्या यादीत घेतलेलं नाही. ज्यावर तज्ज्ञही अजून थांबले आहेत ते लेबल भावाने फोनवरून तुम्हाला लावायचं काही कारण नाही.

कमी कसं करायचं ते सांगते. या वेळी एका झटक्यात नको. पहिल्या आठवड्यात फक्त नऊची कॉफी निम्मी करा, तीन-चार दिवसांनी बंद करा. मग संध्याकाळचा चहा, मग दुपारची कॉफी, मग राहिलेला एक चहा. दर तीन-चार दिवसांनी एवढंच. कप हातात हवाच असेल तर कॅफिन काढलेली कॉफी घ्या, तिच्यात थोडंसं कॅफिन उरतं, पण साध्या कॉफीच्या मानाने ते फारच कमी. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डार्क चॉकलेटही हिशोबात धरा. शेवटी सकाळचा पहिला चहा आणि अकराच्या आत एक कॉफी, एवढ्यावर येऊन थांबा. 'संध्याकाळनंतर नको' हा नेहमीचा नियम गोळ्या चालू असेपर्यंत तुम्हाला पुरा पडणार नाही, म्हणून दुपारही वगळायला सांगते आहे. चहा जेवणाला लागून पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहा-कॉफीतल्या पॉलिफेनॉलमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि हिमोग्लोबिन कमी निघालं तर तुमचा निम्मा थकवा तिथला असेल.

महिन्याभराने झोप लागत असेल आणि धडधड थांबली असेल तर उरलेले दोन कप खुशाल प्या. दोन कपांवरही छाती धडधडली आणि तपासण्यांत काही सापडलं नाही, तर मात्र पूर्ण सोडा. तेव्हा मी तुम्हाला आडवळणाने काही सांगणार नाही. आणि समजा तशी वेळ आलीच, तरी सकाळची ती दहा मिनिटं तुमचीच राहतील. त्या वेळी कोणी हाक मारत नाही, हे त्या दहा मिनिटांतलं खरं सुख आहे आणि ते गरम पाण्याच्या कपाबरोबरही मिळतं.

इथवरचं सगळं तुम्हाला डॉक्टरांनीही सांगितलं असतं. आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत त्याबद्दल बोलते. नऊची कॉफी तुम्ही आवडीने पीत नाही. नऊनंतर तुमची कामाची दुसरी पाळी सुरू होते म्हणून पिता. ऑफिसचं काम, अकराचं औषध, रात्री आईची हाक. हे तिन्ही तसंच ठेवून कॉफी तेवढी काढून घेतली तर तुम्ही दहा दिवसांत पुन्हा कॉफीकडे वळाल आणि भाऊ पुन्हा निग्रहाचं बोलेल. एका माणसाला रोज साडेतीन-चार तास झोप मिळते आहे, तिच्या कॉफीबद्दल घरात सगळ्यांना मत आहे आणि अकराला औषध कोणी द्यायचं याबद्दल कोणाचंच नाही. मला हे बिलकूल पटत नाही.

नवऱ्याला सांगा, 'चिडू नये असं वाटत असेल तर उद्यापासून आईचं अकराचं औषध तुझ्याकडे.' ते दहा मिनिटांचं काम आहे. ऑफिसचं काम घरी येतं ते रोज येतं की आठवड्यातून दोनदा, हे एकदा लिहून काढा आणि वरिष्ठांशी बोला. त्यात लगेच फरक पडेल असं नाही, पण काम नेमकं किती आहे हे तरी त्यांना कळेल.

आणि भाऊ. त्याला तुमची काळजी आहे असं मी धरून चालते, कारण फोन करून मागे लागणारा माणूस अगदीच निष्काळजी नसतो. मग त्या काळजीला काम द्या. चहा-कॉफीवर वाद घालू नका. साधं सांगा, 'दादा, मी कॉफी कमी करते आहे. पहिले दोन-तीन आठवडे मला सुस्ती येईल आणि चिडचिडही होईल. त्यातला एक आठवडा तू इथे येऊन आईच्या रात्री सांभाळ. येणं जमत नसेल तर रात्रीसाठी माणूस ठेवू, पैसे तू दे.' तो धाकटा असेल तर 'दादा'च्या जागी नाव घाला, बाकी एक शब्दही मवाळ करू नका. 'बघतो' म्हणाला तर तारीख विचारा. आई जेवढी तुमची आहे तेवढीच त्याचीही आहे, त्यामुळे मागताना संकोच नको.

पहिलं पाऊल या आठवड्यातलं : डॉक्टरांची वेळ घ्या आणि अकराचं औषध दुसऱ्याच्या हाती द्या. नऊची कॉफी त्यानंतर. गोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाल्या आणि भावाने कुठली तारीख दिली, हे दोन्ही मला लिहून कळवा.

तुमची,
ताई