घरात मांजरी, दारात नवा कुत्रा

प्रश्न : रानडुकरांमुळे रात्री शेतात जागलीला जावे लागते, म्हणून सोबतीला आम्ही दोन वर्षांचा गावठी कुत्रा आणला. तो दिवसा घरीच असतो. तेव्हापासून उंदरांसाठी पाळलेल्या आमच्या दोन्ही मांजरी माळ्यावरून खाली उतरत नाहीत. मांजर हातात धरून कुत्र्याच्या तोंडाशी न्यावी, म्हणजे ओळख होते, असे शेजारी सांगतात. हे योग्य आहे का?
— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तसे मुळीच करू नये. धरून ठेवलेली मांजर आधी आपल्यालाच ओरबाडेल, आणि निसटून पळाली, तर पळत्याच्या मागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच असल्याने त्याला पहिल्याच भेटीत पाठलागाची गोडी लागेल.

मांजरींना खाली ओढू नये. खाणेपिणे माळ्यावरच द्यावे. मात्र एखादीने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकाला दाखवावे, कारण मांजरीला लांबलेली उपासमार यकृतावर बेतते.

ओळख वासापासून सुरू करावी. कुत्र्याच्या अंगाखालचे पोते मांजरींजवळ आणि त्यांच्या अंथरुणाचे फडके कुत्र्याजवळ ठेवावे. दोन्हीकडचे हुंगणे-फिस्कारणे ओसरले, की कुत्र्याला फिरवून, भाकर घालून सपरीत आणावे. दोरी घरातल्या जाणत्या माणसाच्या हातात असावी आणि मांजरी मोकळ्या असाव्यात. त्याने हाकेसरशी मांजरीवरून नजर काढली, की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. भुंकण्यापेक्षा अंग ताठ करून, तोंड मिटून एकटक पाहणे अधिक धोक्याचे. तसे दिसताच त्याला बाहेर न्यावे. उलट मांजर त्याच्यासमोर बसून निवांत अंग चाटू लागली, तर भीती निवळत आहे असे समजावे. याला काही आठवडेही लागतात, आणि तोवर कुत्रा आणि मांजरींना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये.

रेबीजची लस तिघांनाही टोचून घ्यावी. कुत्र्याच्या अंगावर गोचीड असतील, तर गोठ्यासाठी आणलेले औषध त्याला परस्पर लावू नये. अशा औषधांत पुष्कळदा सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन असते. मांजरीचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्याला अंग घासून नंतर स्वतःला चाटणाऱ्या मांजरीला थरथर सुटून झटके येऊ शकतात. औषध लिहून घेताना घरात मांजरी आहेत, हे पशुवैद्यकाला आधी सांगावे.