धूर, शिसं आणि मामाचा गेम बॉय
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्या भावाने १९९३ मध्ये दुबईहून आणलेला गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, परवा माळ्यावर सापडला. आत सेल फुटून पांढरा थर जमलाय, नवे सेल घातले तरी लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने साठवलेल्या पैशातून पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणलंय आणि मीच दुरुस्त करणार म्हणतोय. सासूबाई म्हणतात, शिशाचा धूर छातीत जातो. घरात दोन वर्षांची धाकटी आहे. करू द्यावं का?
– एक आई, सांगली

उत्तर : करू द्या. जागा मात्र तुम्ही ठरवा, आणि तो काम करत असताना मोठं माणूस शेजारी बसू द्या.

मी सव्वीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. पहिल्या दिवशी मी त्यांचे सांधे बघतच नसे. सोल्डरची तार, म्हणजे वितळवून भाग जोडायची कथिल-शिशाची तार, कोण दातात धरतोय, एवढंच बघायची. एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात सुटा भाग, मग तार जाते दातात. दुकानांत जुने कारागीरही असंच करतात, म्हणून मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही. शिसं शरीरात जातं ते या वाटेनं, तोंडातून. सासूबाईंची काळजी खरी आहे, फक्त वाट वेगळी आहे.

शिसं उकळायला १७४९ अंश सेल्सिअस लागतात. आयर्नचं बिट, म्हणजे पुढचं टोक, तापतं साधारण ३५० अंशांपर्यंत. तेवढ्यावर शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. दिसतो तो धूर राळेचा. तारेच्या पोटात राळ भरलेली असते, ती वितळून धातू साफ करते आणि जळताना धूर सोडते. हा धूरही निरुपद्रवी नाही. डोळे, घसा झोंबतो, आणि वारंवार छातीत गेला तर दमा जडू शकतो. मुलाला आधीपासून दमा असेल तर माझं उत्तर बदलेल : आयर्न हातात देऊ नका, त्याने उघडणं, साफ करणं, मोजणं शिकावं.

खिडकीजवळ टेबल लावा. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. तो धूर खोलीभर फिरवतो आणि सांधा नीट वितळू देत नाही. जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा छोटा पंखा कामाच्या पलीकडे, खिडकीकडे हवा ओढेल असा ठेवला की काम होतं. मुलं बारीक दिसावं म्हणून थेट सांध्यावर वाकतात आणि धूर सरळ नाकात जातो. चेहरा बाजूला हवा, बारीक बघायला भिंग घ्या. कापडी मास्कने हा धूर अडत नाही.

आता शिसं. नेहमीच्या तारेत साठ टक्के कथिल, चाळीस टक्के शिसं असतं. ती हाताळली की बोटं करडी होतात, आणि त्याच बोटांनी चिवडा खाल्ला जातो. तुमच्याकडे धाकटी आहे, जमिनीवरचं सगळं तोंडात घालण्याचं तिचं वय. म्हणून तुम्हाला मी बिनशिशाची तारच सुचवेन. ती साधारण २२० ते २२७ अंशांना वितळते. साध्या तारेसारखी १८३ ते १९० अंशांना चटकन वितळणारी नाही, त्यामुळे मुलाला थोडी हट्टी वाटेल. पण एवढ्याने शिसं घराबाहेर गेलं असं समजू नका. युरोपने नव्या उपकरणांतल्या शिशावर जुलै २००६ पासून बंधन घातलं. १९९३ च्या यंत्रातले सांधे शिशाचेच आहेत, आणि ते उचकटताना निघणारे बारीक मणी जमिनीवर उडतात.

म्हणून काम कडा असलेल्या ताटात करावं, आणि ते ताट पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू फिरवू नका. काम संपलं की साबणाने हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मगच बहिणीला उचलायचं. हा शेवटचा नियम मुलाला पाळायला सांगा, तो विसरण्यासारखा आहे.

खुद्द गेम बॉयला कदाचित आयर्न लागणारही नाही. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ते कातडी आणि डोळे भाजतं. सेल काढा, हातमोजे आणि चष्मा घालून कापसाच्या काडीवर थोडंसं व्हिनेगर घेऊन सेल जिथे टेकतात त्या पत्र्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे अल्कोहोल पेट घेतं. ते पूर्ण उडून गेल्याशिवाय आयर्नचं बटण दाबायचं नाही, बाटलीही टेबलावरून हलवायची. पुष्कळदा एवढ्यावरच यंत्र लागतं. पत्री पार खाल्ली गेली असेल तरच नवी सोल्डर करावी लागते, आणि तो हात आधी मोडक्या रेडिओच्या प्लेटवर (सर्किट बोर्डवर) बसवायचा. निदान पन्नास सांधे काढून पुन्हा लावू देत.

एक गोष्ट माझ्या तळहातावरच्या व्रणाची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी टेबलावरून आयर्न घसरलं आणि मी ते झेललं. हात विचार करून पुढे जात नाही, म्हणून आधी मनाशी घोकून ठेवावं लागतं : पडतंय ते पडू द्यायचं. जड बुडाचा स्टँड घ्या, वायर पायात येऊ देऊ नका. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, तूप, बर्फ काहीही लावू नका. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर भरलेली बादली आणि तांब्या आधीच शेजारी ठेवा. चष्मा तर हवाच, कारण सुट्या भागांच्या कापलेल्या तारांचे तुकडे थेट डोळ्याकडे उडतात.

प्रश्न : गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये (खेळ असलेल्या डबीत) खेळ जिथे थांबवला ती नोंद राहत नाही. आतला सीआर २०२५ सेल बदलायचाय. नवा सेल सरळ सोल्डर केला तर चालेल का?
– हॉस्टेलवासी, नांदेड

उत्तर : नाही. त्या सेलमध्ये लिथियम धातू आहे, तो १८०.५ अंशांना वितळतो. म्हणजे तुमच्या तारेच्याही आधी. सेलच्या पाठीवर बिट टेकवलं तर तो फुगू शकतो, फुटू शकतो. पत्र्या आधीच जोडलेला, टॅबवाला सेल मिळतो, तोच आणा आणि सोल्डर टॅबच्या टोकाला करा. जुना काढण्याआधी अधिक-उणे बाजूंचा फोटो घ्या. सेल काढताच राहिलेली नोंद जाईल, मूळ खेळ जाणार नाही. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि लहान मुलांपासून दूर ठेवा. मुलाने गिळला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, दोन तासांत अन्ननलिका भाजते.

प्रश्न : सोल्डर करताना प्लेटला हात लागला की झिणझिण्या येतात. आयर्न दोन पिनांचं आहे.
– वाचक, चिपळूण

उत्तर : आजच थांबा. आतलं आवरण खराब होऊन करंट बिटपर्यंत येतोय. तीन पिनांचं आयर्न आणा, आणि घरच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. नवं आयर्नही वापरण्याआधी प्लग बाहेर ठेवून मल्टिमीटरवर बघा : मोठ्या पिनेपासून बिटपर्यंत एक-दोन ओहम यायला हवेत, बाकी दोन पिनांपासून बिटपर्यंत जोडणीच दिसायला नको. तसं आलं नाही तर दुकानात परत द्या.