कळपात राहणारे शाकाहारी डायनासोर पिल्लांना सांभाळायचे का, की अंडी घालून मोकळे?

दोन्ही प्रकार होते, आणि गंमत म्हणजे आपल्याकडचे डायनासोर बहुतेक "मोकळे" गटातले निघतात. पण आधी सांभाळणाऱ्यांचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर मायासौरा नावाची शाकाहारी डायनासोर देते.

अमेरिकेत मोंटाना राज्यात बायनम नावाचं एक छोटंसं गाव आहे, तिथं मेरियन ब्रँडव्होल्ड नावाच्या बाईंचं दगड-जीवाश्म विकायचं दुकान होतं. 1978 साली जीवाश्म शोधणारे जॅक हॉर्नर आणि बॉब मकेला तिथं गेले तेव्हा बाईंनी त्यांना कॉफीच्या डब्यात ठेवलेली बारकी बारकी हाडं दाखवली. ती डायनासोरच्या पिल्लांची होती, आणि तेव्हा पिल्लांची हाडं मिळणं म्हणजे फारच दुर्मिळ. ती जिथं मिळाली तिथं खणलं तर साधारण दोन मीटर रुंद, परातीसारखा खोलगट खड्डा निघाला, आत 11 पिल्लं आणि जवळपास आणखी 4.

आता यातली खरी मेख बघा. ही पिल्लं जवळजवळ एक मीटर लांब होती आणि अंड्यातून निघतात तेव्हा ती अर्धा मीटरसुद्धा नसतात. म्हणजे दुप्पट वाढ झाली तरी पोरं घरट्यातच बसून आहेत, मग खायला कोण आणून देत होतं? वर त्यांचे दात झिजलेले, म्हणजे खात तर होती. म्हणून 1979 मध्ये नाव ठेवलं मायासौरा, "चांगली आई असलेली पाल". (दातांच्या मुद्द्यावर नंतर वाद झाला, कारण या जातकुळीत अंड्यातल्या पिल्लांचेही दात झिजलेले सापडतात, त्यामुळे मी तरी घरट्यातल्या वाढीलाच जास्त वजन देतो.)

आई नऊ मीटर लांब आणि तीनेक टनांची, ती कोंबडीसारखी अंड्यांवर बसली असती तर सरळ आम्लेटच. म्हणून घरट्यात पालापाचोळा टाकायचा, तो कुजून तापतो आणि अंडी उबतात, असं मानतात. घरटी एकमेकांपासून साधारण सात मीटरवर, म्हणजे आईच्या स्वतःच्या लांबीपेक्षा कमी अंतर, शेजारणीची शेपटी आपल्या अंगणात अशी अवस्था असणार. बाकी दिवसभर चरणं, चोच बदकासारखी चपटी आणि मागं गालात दातांच्या रांगाच रांगा, झिजले की खालून नवीन तयार. पिल्लं बहुतेक दोन पायांवर पळायची, मोठी झाली की चारांवर.

एवढं सांभाळून काय, तर 2015 मध्ये 50 मायासौरांच्या नडगीची हाडं कापून आतल्या वाढीच्या रेषा मोजल्या (झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तसंच), त्यात दिसलं की पहिल्याच वर्षी जवळपास 90 टक्के पिल्लं मरायची. एक वर्ष काढलं की मग बरं चाललेलं असायचं, आठव्या वर्षापर्यंत पूर्ण वाढ, आणि त्यानंतर मरण्याचं प्रमाण परत वाढतं. कळपाचं म्हणाल तर तिथं ज्वालामुखीच्या राखेखाली हाडांचा एक भलामोठा थर आहे, हॉर्नरांचा अंदाज दहा हजार जनावरांचा होता.

आता आपल्याकडचं. मी वरोऱ्याकडचा, आमच्या तालुक्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातल्या लेंड्यांचे दगड मिळतात (त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, तोपर्यंत डायनासोरच्या वेळी गवत होतं यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता), त्यामुळे हा विषय जरा घरचाच. आपले ते टायटॅनोसॉर, लांब मानेचे अवाढव्य. मध्य प्रदेशात धारकडं त्यांची 92 घरटी आणि 256 अंडी मिळाली, 2023 मध्ये त्यावर पेपर आला. घरटी इतकी खेटून की एवढ्या मोठ्या जनावराला मधून पाय टाकायलाही जागा नाही. म्हणून अंडी घालायला सगळ्या एकत्र यायच्या, पुरायच्या आणि निघून जायच्या असंच दिसतं.

गुजरातेत धोली डुंगरीला मिळालेला दगड तर बघाच. भूवैज्ञानिक धनंजय मोहबेंना 1980 च्या दशकात तो मिळाला, सुरुवातीला सगळी हाडं टायटॅनोसॉरच्या पिल्लाचीच वाटली, बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की यातले मणके सापाचे आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलाय, शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि तेवढ्यात वरून माती आली आणि साप, अंडी, पिल्लू सगळे आहेत तसेच दगडात राहिले.