'डेलिबरेट स्पीड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या शाळांविषयीच्या निकालातल्या 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड' या शब्दांचं भाषांतर एका मराठी अनुवादात 'हेतुपुरस्सर वेगाने' असं केलं आहे. ते बरोबर आहे का?

नाही. कोशात 'डेलिबरेट'समोर 'हेतुपुरस्सर' सापडतं आणि कुणी मुद्दाम काच फोडली असेल तर चालतंही. इथे अर्थ 'विचार करत, जपून पावलं टाकत' असा आहे. नाम पुढे चाललंय, विशेषण त्याचा सदरा मागून ओढतंय.

काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये एकमताने दिला. अंमलबजावणीबद्दलचा आदेश ३१ मे १९५५ ला आला, त्यात मुदत नव्हती. होते ते हे शब्द. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना एवढी फट पुरली. मार्च १९५६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, १०१ सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ची हाक दिली. (याला 'प्रतिकार' म्हणू नये असं माझं मत. त्या शब्दाला आपल्याकडे 'निःशस्त्र प्रतिकारा'चा वास आहे. ही सरळसरळ अडवणूक होती.) १९५८ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियातल्याच नॉरफक शहरात सहा शाळांना कुलपं लागली, काळी मुलं आत येऊ नयेत म्हणून. अशा शाळा बंद करायला लावणारे राज्याचे कायदे कोर्टांनी रद्द केल्यावर त्याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) सरकारी शाळांना पैसे देणंच थांबवलं. १९५९ ते १९६४ तिथे सरकारी शाळा नव्हती. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बहुतेक काळी मुलं पाच वर्षं घरी बसली.

हे वाचलं की मराठी माणसाला एकच शब्द सुचतो: 'यथावकाश'. 'आपणांस यथावकाश कळविण्यात येईल' असं एका कार्यालयाचं पत्र माझ्या फायलीत नऊ वर्षं आहे. प्रत्यक्षात जे घडलं त्याला हा शब्द चपखल बसतो.

तरी अनुवादात मी तो वापरणार नाही, कारण पुढे तो अडतो. प्रिन्स एडवर्डच्याच खटल्यात १९६४ साली न्यायमूर्ती ब्लॅक यांनी ही जोडी फोडली: विचार फारच झाला, त्वरा मात्र पुरेशी झाली नाही, अशा अर्थाचं लिहिलं. 'यथावकाश'चे असे दोन तुकडे करून दाखवता येत नाहीत. म्हणून 'विचारपूर्वक त्वरेने'. थोडं अवघडलेलं वाटतं खरं, पण मूळ इंग्रजीही अवघडलेलंच आहे. १९६९ मध्ये मिसिसिपीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने 'ॲट वन्स' लिहिलं. तिथे 'ताबडतोब' लिहा, कोश उघडायची गरज नाही.