टँकवर दोन किलोमीटर, समुद्रात दोनशे मीटर

"टँकवर मी न थांबता दोन किलोमीटर पोहते. मालवणला समुद्रात उतरले आणि दोनशे मीटरवर छाती आवळली. कयाकच्या छोट्या होडीवाल्याने बाहेर काढलं. गोव्याच्या स्पर्धेचे पैसे भरून बसले आहे, सोसायटीत सगळ्यांना सांगूनही झालंय. माझं मनच कच्चं आहे का?"

पुण्यातल्या ३९ वर्षांच्या एक अकाउंटंट बाई फेब्रुवारीत हे विचारत आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग स्पर्धेची, तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ म्हणजे मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. सगळ्याला मिळून साडेआठ तास, त्यात पोहण्यासाठी ७० मिनिटं. पोहणं हा यातला सर्वांत छोटा भाग, पण झोप उडवतो तोच.

मनाकडे वळण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं: रक्तदाब, ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. पोहताना दम लागला की "घाबरलात" म्हणून मोकळं होणं धोक्याचं असतं. ट्रायथलॉनमधले हृदयविकाराचे जीवघेणे प्रसंग बहुतेक पोहतानाच घडतात. दमा असू शकतो. क्वचित पोहताना फुप्फुसात पाणी साठतं; त्यात खोकला येतो, छातीत घुरघुर होते, थुंकी गुलाबीसर आणि फेसाळ दिसते, आणि थांबलं तरी दम लगेच ओसरत नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. बाईंचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हाच पुढचं काम सुरू केलं.

मग त्यांना त्या दोनशे मीटरचा हिशेब लिहायला सांगितला. "घाबरले" हा शब्द वापरायचा नाही, फक्त काय काय घडलं ते क्रमाने लिहायचं. वहीत उतरलं ते असं: पाण्यात आधी न भिजता थेट सुरुवात. बाजूच्या दोघांबरोबर राहायचं म्हणून जोरात हात मारले. पाणी गढूळ, खाली लेनची काळी पट्टी नाही. चाळिसाव्या हाताच्या आसपास लाट तोंडावर आली, घोट गेला. त्यानंतर पाण्यात तोंड घालताना श्वास रोखून धरला. मग "हवाच मिळेना".

गाठ सापडली ती या शेवटच्या दोन वाक्यांत. असं गुदमरल्यासारखं वाटतं, ते बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यामुळे नसतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू "हवा हवी" म्हणून ओरडायला लागतो. पाण्याखाली हवा सोडलीच नाही, तर तोंड वर आल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदात जुनी हवा टाकायची आणि नवी घ्यायची, अशी दोन्ही कामं येऊन पडतात. दोन्ही अर्धवट होतात. भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायची धडपड सुरू होते आणि छाती आवळते. यात मनाच्या कच्चेपणाचा काही संबंध नाही. हे कळलं तेव्हा बाई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

दुसरा दिलासा गणिताने दिला. टँकवर त्यांचा वेग १०० मीटरला अडीच मिनिटं. १९ शंभरांची साडेसत्तेचाळीस मिनिटं झाली. लाटा, गर्दी आणि तिरकं जाणं यांची पाच मिनिटं धरली, तरी साडेसतरा मिनिटं हातात उरतात. म्हणजे दोन-दोन मिनिटांचे चार थांबे घेतले तरी चालतं. शिवाय दमलं तर कयाक किंवा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून थांबायला मनाई नसते. धरून पुढे मात्र सरकायचं नाही. बाईंना वाटत होतं, कयाकला हात लावला की स्पर्धेतून बाद. बऱ्याच जणांना तसंच वाटतं. स्पर्धेआधीच्या ब्रीफिंगमध्ये (सूचनांच्या बैठकीत) हा नियम विचारून खात्री करून घ्यावी.

पुढचे तीन महिने पायरीपायरीने गेले. प्रत्येक पायरीवर भीतीला ० ते १० गुण द्यायचे आणि ते वहीत लिहायचे. आधी टँकवर फक्त बुडबुडे: तोंड पाण्यात गेलं की हवा सुटलीच पाहिजे, अगदी गुणगुणत सोडली तरी चालेल. मग भिंतीला हात न लावता लेनच्या मधूनच वळायचं. आठ हात डोळे मिटून मारायचे. एका लेनमध्ये चौघं, मुद्दाम धक्के खात. त्यांना सर्वांत जड गेलं ते खोल बाजूला गॉगल काढणं. पट्टी वर केली, डोळ्यांत क्लोरीनचं पाणी गेलं आणि हात आपोआप काठाकडे वळला. गुण ८. "काठ नको, पाठीवर व्हा आणि लांब फुंका," असं प्रशिक्षकाने सांगितलं. सहाव्या फुंकरीनंतर त्यांनी स्वतःच गॉगल झटकून पुन्हा चढवला. गुण ४. हे नऊ वेळा केलं, दोन आठवड्यांत.

इथे एक गोष्ट पक्की पाळली. भीती शिगेला असताना बाहेर यायचं नाही, ती निम्म्यावर येईपर्यंत पाण्यातच तरंगत राहायचं. शिगेला असताना बाहेर पडलं की शरीर एवढंच शिकतं, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. याला अपवाद फक्त छातीत दुखणं, चक्कर आणि न थांबणारा खोकला. तेव्हा एक हात सरळ वर करायचा आणि मदत घ्यायची.

एप्रिलमध्ये कमरेला नारिंगी फुगा बांधून, प्रशिक्षक आणि होडी सोबत ठेवून समुद्रात सहा वेळा पोहून झालं. एकट्याने कधीच नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायची सोय नाही, आणि या खंडात भीती परत मूळ धरते. म्हणून त्यांना स्पर्धेच्या तीन दिवस आधी गोव्यात पोहोचायला सांगितलं: रोज सकाळी २० मिनिटं पाण्यात, वेग न मोजता.

सायकल आणि धावण्याबद्दल त्यांना चिंता नव्हती, त्यामुळे एवढंच सांगितलं: दमट उन्हात फक्त साध्या पाण्यावर राहू नका, मीठही हवं, आणि पोहायला उतरण्याआधी घाबरून लिटरभर पाणी ढोसू नका. सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर तयारीचे फोटो टाकणंही थांबवलं. घरी मिस्टरांना एकच काम दिलं, "होईल गं, काही नाही होत" असं म्हणायचं नाही. त्याऐवजी विचारायचं, "आज किती गुण?"

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी पाच मिनिटं पाण्यात भिजून घेतलं, रांगेत मागे आणि कडेला उभ्या राहिल्या आणि पहिले दोनशे मीटर मुद्दाम १०० मीटरला तीन मिनिटं अशा वेगाने काढले. पोहणं ५८ मिनिटांत झालं. वहीतली त्या दिवसाची नोंद अशी आहे:

"पहिल्या बोयाच्या अलीकडे कुणाची तरी टाच गॉगलवर. गुण ७. पाठीवर. सहा फुंकर. गुण ४. ब्रेस्टस्ट्रोक वीस, मग फ्रीस्टाइल. वळणावर पुन्हा ६. कयाक धरला. कयाकवरच्या मुलाने विचारलं, बाहेर काढू का? म्हटलं, नको, एक मिनिट दे."